टाकी नंबर दोनचं तेल

सोमवार, ६ मे १९७४

एकशे आठ!

पुन्हा केलं — एकशे आठच. आयोडीनचं द्रावण ओतून दिलं, नवीन बनवलं, बाटल्या परत धुतल्या, टाकीतून नवा नमुना काढून आणखी एकदा केलं. फरक नाही. म्हणजे माझा हात चुकलेला नाही. टाकी नंबर दोनमधल्या सूर्यफुलाच्या तेलात कुणीतरी काहीतरी मिसळलंय.

जानेवारीत याच गिरणीत, वैरागच्याच मालाचं तेल एकशे बत्तीस आलं होतं. पुस्तकात सव्वाशेच्या वर दिलंय. मुंबईच्या ज्या कंपनीला आपण तेल देतो तिची अटही तीच — सव्वाशेच्या खाली असेल तर टँकर परत. आणि टँकरबरोबर जाणाऱ्या दाखल्यावर सही माझी.

मालकांना जाऊन सांगितलं. सिद्धलिंगप्पा मालक हसले. "एकशे आठ म्हणजे शुभ आकडा हाय की बाई. जपमाळ पुरी झाली." मग त्यांना कळेल असं सांगितलं. तेलाला आयोडीन पाजायचं आणि ते किती पितं हे मोजायचं. सूर्यफूल भरपूर पितं, सरकीचं तेल कमी पितं, वनस्पती तूप तर फारच कमी. टाकीतलं तेल कमी पितंय, म्हणजे त्यात कमी पिणारं दुसरं काहीतरी आहे. तेव्हा कुठे त्यांचं हसू गेलं.

कोण असेल?

मंगळवार, ७ मे

सरकीची परीक्षा केली. गंधकाच्या द्रावणात घालून तापवलं की सरकीचं तेल लाल होतं. लाल झालं नाही. शेंगतेलाचीही केली. तेही नाही. शिवाय शेंगतेल महाग, ते सूर्यफुलात ओतणारा वेडाच म्हणायचा.

मग सरकीच. सरकीचं तेल आधी कडक तापवून घेतलं की मग ते लाल होत नाही, हे मला ठाऊक आहे. मिसळणाऱ्यालाही ठाऊक असणार. रंग आला नाही याचाच अर्थ माणूस माहीतगार आहे.

बुधवार, ८ मे

आजपासून रेल्वेचा संप. मालक नमुना मुंबईला तपासायला पाठवणार होते, ते राहिलं. सोलापुरात दुसरीकडे दाखवायला त्यांची तयारी नाही — "बाहेर दावलं की उद्या पेठंत बोभाटा." खरं आहे ते.

मकदूमभाईंना गाठलं. वैरागहून बियांची पोती तेच ट्रकमधून आणतात. वाटेत धाब्यापाशी ट्रक का थांबवता, असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "चाय पीने कू रुकते बाई. हम बोरे लाते, तेल नहीं लाते. बोरे में कोई तेल कैसा मिलाएंगा, बोलो?"

बरोबर आहे त्यांचं. पोत्यात सरकी मिसळली तर डोळ्यांना दिसेल. म्हणजे जे झालं ते घाण्यातून तेल निघाल्यावर. टाकीपाशी.

गुरुवार, ९ मे

टाकीच्या झाकणाला कुलूप असतं. किल्ल्या दोन. एक आप्पांकडे, दुसरी बसलिंगकडे.

हे वाक्य लिहून बराच वेळ बसले. आप्पा म्हणजे माझे वडील. या गिरणीत टाक्या आणि गोदाम सांभाळत त्यांचं आयुष्य गेलं. वीरभद्रप्पांची मुलगी म्हणूनच तर मालकांनी मला प्रयोगशाळेत घेतलं, नाहीतर बाईमाणूस केमिस्ट त्यांना कुठे हवी होती? आणि बसलिंग म्हणजे बसलिंगप्पा, माझ्या आत्याचा मुलगा. त्यालाही आप्पांनीच लावून घेतलं.

दोघांपैकी एक.

शुक्रवार, १० मे

आणि आजच आत्याला यायचं होतं! बसव्वा आत्या अक्कलकोटहून आली ती खण, नारळ घेऊनच. बसलिंगला मी द्यायची, हे आम्ही लहान असल्यापासून ठरल्यासारखंच आहे. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. मी शिकत राहिले, मग नोकरी लागली, म्हणून लांबलं. आत्या म्हणाली, आता श्रावणाच्या आत उरकून टाकू. अव्वाने, माझ्या आईने, लगेच साखर वाटली.

मी उठून आत गेले. अव्वाला वाटलं लाजले.

बसलिंग मला आवडतो. हे इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे सांगणार. कमी बोलतो, पण बोलतो ते नीट. मी प्रयोगशाळेत आयोडीनने बोटं पिवळी करून घेते तेव्हा काही न विचारता दारात बादलीभर पाणी ठेवून जातो. तोच जर चोर निघाला तर? गिरणीतलं सूर्यफुलाचं तेल बाहेर विकायचं आणि टाकीत सरकीची भर घालायची — सोपं आहे की! आणि बादली तरी का ठेवतो? प्रयोगशाळेत काय चाललंय ते बघायला येत असेल.

अव्वा म्हणते, हेमाला देवाने नाक दिलं ते संशय घ्यायलाच. दुधात काच बुडवून पाणी मोजते म्हणून गवळ्याने आमचं घर सोडलं. पण दुधात पाणी होतं, हेही अव्वाने सांगावं.

रविवार, १२ मे

आप्पा अंघोळीला गेले तेव्हा खुंटीवरचा त्यांचा सदरा हुंगला. तेलाचाच वास. गिरणीतल्या माणसाच्या सदऱ्याला दुसरा कसला असणार? सरकीच्या कच्च्या तेलाचा वास वेगळा, उग्र असतो. तो आला का? आला असं वाटलं. मग नाही असं वाटलं. मग अव्वाच्या पावलांचा आवाज आला.

किती हलकट काम!

दुपारी आप्पा जेवताना म्हणाले, "हेमा, काय बघतीस?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. एरवी दोन खाणारा माणूस. उन्हामुळे, म्हणाले.

मंगळवार, १४ मे

आप्पा आज घरी आल्यावर किल्ली कनवटीला न ठेवता देवळीत ठेवली. माझ्या पुस्तकांशेजारी, अगदी मला दिसेल अशी. म्हणाले, "हितं ऱ्हाऊ दे रातचं." इतक्या वर्षांत असं कधी केलं नाही. किल्ली आपल्याकडे नसते हे त्यांना कुणाला दाखवायचंय?

बसलिंगकडे बघितलं तर तो मान खाली घालून पेंडीची पोती रचत होता. त्यालाही विचारलं, टाकी शेवटची कधी उघडलीस? "परवा. मामा होते की संगं." आणि एकटा कधी उघडलीस? त्याने हातातलं पोतं खाली ठेवलं. "हेमा, सरळ इचार की."

नाही विचारलं.

गुरुवार, १६ मे

आज मालकांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. टँकर भरून उभा आहे, ड्रायव्हर आंब्याच्या झाडाखाली झोपा काढतोय आणि मी दाखल्यावर सही करत नाही.

"करा की सही," मालक म्हणाले. "सव्वाशे लिवा."

मी म्हटलं, नाही लिहिणार. आहे ते लिहीन.

मग ते चिडले. एरवी चिडत नाहीत. "दोनच गोष्टी असू शकत्यात. येक तर माझ्या गिरणीत चोर हाय. न्हाईतर ह्या पोरीला मोजाया येत न्हाई. चोर असंल तर शनिवारपर्यंत माझ्यापुढं उभा ऱ्हायला पायजे. न्हाई ऱ्हायला तर मी समजतो, केमिस्ट कच्ची हाय. दुसरा केमिस्ट बघतो. वीरभद्रप्पा, तुमच्याकडं बघून हिला ठेवली होती. वाईट वाटून घिऊ नका."

 बसलिंग माझ्याकडे बघत होता. मी आप्पांकडे बघत होते.

नोकरी गेली तर गेली. पण मला मोजता येत नाही असं म्हणून गेली तर या गावात पुन्हा कुणी मला परीक्षानळी धरू देणार नाही. वर सगळे म्हणतील, बाईमाणसाला ठेवलं की असंच व्हायचं. आणि माझा आकडा बरोबर आहे! तो बरोबर आहे!

शनिवार, १८ मे

बसलिंगने कबूल केलं.

सकाळी गिरणी सुरू झाल्या झाल्या मालकांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, मी मिसळलं. किती, कुठून आणलं, कुणाला विकलं — काही सांगितलं नाही. मालकांनी फार विचारलंही नाही. आप्पांच्या तोंडाकडे बघून पोलिसांत दिलं नाही. किल्ली घेतली आणि जा म्हणाले.

तो माझ्या दारावरून गेला. थांबला नाही. मी हाक मारली नाही.

मालक स्वतः प्रयोगशाळेत आले. "बाई, तुमचा आकडा खरा निघाला." मी जिंकले म्हणायचं. पण दिवसभर एकही नमुना नीट झाला नाही.

आप्पा घरी आल्यावर न जेवता पडून राहिले.

रविवार, १९ मे

आत्या आली होती. खण परत न्यायला. अव्वा रडली, आत्या रडली नाही. मला म्हणाली, "तुझ्या बाटल्यांनी माझं पोरगं खाल्लं की गं." मी काहीतरी बोलायला गेले तर अव्वा म्हणाली, "सुम्न कूड." गप्प बसायला सांगते तेव्हा ती नेहमी कानडीतच सांगते. 

बसलिंग टेंभुर्णीला गेलाय म्हणे. हमरस्त्यावर कुणाच्या तरी टायरच्या दुकानात.

चोराशी लग्न टळलं, यात आनंद मानायला हवा. मानता येत नाही.

गुरुवार, २३ मे

टाकी पूर्ण रिकामी करून, सोड्याने धुऊन घेतली होती. नवीन माल, नवीन तेल. आज तपासलं.

एकशे सात.

शुक्रवार, २४ मे

बसलिंग टेंभुर्णीत आहे. त्याची किल्ली मालकांच्या तिजोरीत आहे. उरली एकच किल्ली.

हे मी लिहिणार नव्हते.

शनिवार, २५ मे

स्वतः घाण्यापाशी बसले. पोतं माझ्यासमोर फोडलं, बी माझ्यासमोर घाण्यात पडलं, धारेखाली माझी बाटली धरली. आप्पांना सांगितलं, तुम्ही आज गोदामातच थांबा. कामगार बघत होते. आप्पा "बरं" म्हणाले आणि गेले.

बाटली उराशी धरून प्रयोगशाळेत आणली, दाराला आतून कडी लावली.

एकशे सात!

धारेतून थेट. मध्ये टाकी नाही, किल्ली नाही, आप्पा नाहीत. मग? घाण्यातच कुणी काही... नाही. घाणा माझ्यासमोर पुसला होता. म्हणजे बीच तसं आलंय. कुणीतरी वैरागातच काहीतरी करतंय.

पण बीमध्ये तेल कसं मिसळणार?

सोमवार, २७ मे

एसटीने वैराग. मकदूमभाईंनी शेतकऱ्याचं नाव सांगितलं होतं — हरिबा. विहिरीला पाणी आहे म्हणून यंदा दोनदा सूर्यफूल घेतलं. एकदा थंडीत, एकदा उन्हाळ्यात. शेवटचा एक तुकडा अजून उभा होता, माना टाकलेली फुलं, वर पोपटांचा थवा.

बियांना काही चोळता का, कशात भिजवता का, असं विचारलं. हरिबाला राग आला. "सोलापूरची माणसं लई शाणी. आमी बी पेरतो, पाणी देतो, पाखरं हाकतो. आनि काय करायचं म्हंता?" बाळाबाईने, त्याच्या बायकोने, मला सावलीत बसवून ताक दिलं. घोट घेताना मनात आलं, हिने ताकात पाणी किती घातलंय! मी अशी का आहे?

उभ्या झाडांची फुलं मी स्वतः मोडली. कुणाला हात लावू दिला नाही. मग बाळाबाई म्हणाली, "थंडीतलं बी बी हाय की मडक्यात, पेराया ठिवलंय. न्ह्येता का?" मडक्यावर फडकं बांधून शेणाने लिंपलेलं. तेही घेतलं मूठभर. दोन्ही पिकांचं बियाणं रशियाहून आलेल्या एकाच पोत्यातलं, शेत तेच, विहीर तीच, माणसं तीच.

येताना गाठोडी मांडीवर ठेवली. शेजारच्या बाईने विचारलं, पोरी, सोनं हाय का त्यात?

बुधवार, २९ मे

बी खलबत्त्यात कुटलं, ईथरने तेल काढलं. सगळं स्वतः, अव्वाचा खलबत्ता आणून. गिरणीच्या कुठल्याच वस्तूला लावलं नाही.

उन्हाळ्याचं: एकशे सहा.
थंडीचं: एकशे एकतीस.

मला भीती वाटली. खरीच. फूल झाडावर होतं, मी मोडलं, मी कुटलं. आतल्या तेलापर्यंत कुणाचा हात पोचणं शक्य नाही. तरीही ते तेल बदललेलं आहे.

मडक्यात दुसऱ्या जातीचं बी असेल का? बाळाबाई खोटं बोलली असेल का?

माझा संशय आता बाळाबाईवरही आला!

बुधवार, ५ जून

शेवटी मठपती सरांकडे गेले. कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. सध्या सुट्टी, घरीच होते, गच्चीवर कुरडया राखत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मी तीन वेळा म्हटलं, सर, कुणीतरी मिसळतंय. त्यांनी एकच विचारलं, "उन्हाळ्याच्या पिकाचे दाणे भरले कधी?"

एप्रिलमध्ये, मी म्हटलं. उन्हाची नुसती भट्टी होती तेव्हा.

सर हसायला लागले. मला राग आला.

मग त्यांनी कुरडयांच्या पिठात बोटाने रेघा ओढून दाखवलं. दाण्यात आधी जे तेल तयार होतं त्यातल्या स्निग्धाम्लाच्या लांब साखळीत एकच दुहेरी बंध असतो. ते ओलिइक आम्ल. मग दाण्यातलं एक एन्झाइम, मराठी पुस्तकात त्याला विकर म्हणतात, त्या साखळीला पुढच्या जागी धरतं आणि तिथले दोन हायड्रोजन काढून घेतं. तिथे दुसरा दुहेरी बंध होतो. झालं लिनोलिइक आम्ल. दुहेरी बंध जितके जास्त तितकं आयोडीन जास्त प्यायलं जातं. तुझा आकडा म्हणजे या एन्झाइमने किती काम केलं त्याची मोजणी, असं सर म्हणाले.

आणि हे एन्झाइम थंडीत झपाट्याने काम करतं. उन्हात ढेपाळतं. त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि गरम रसात तो कमी विरघळतो, म्हणून असेल, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. सर म्हणाले, नक्की मलाही सांगता येणार नाही. पण झाडाच्या बाजूने बघ. थंडीत तेल गोठलं तर आतला कोंब जगायचा कसा? खोबरेल कसं दगडासारखं होतं! म्हणून थंडीत झाड पातळ तेल करतं. उन्हाळ्यात गोठायची भीतीच नाही, मग कशाला एवढा खटाटोप?

मी विचारलं, मग पुस्तकात सव्वाशेच्या वर का लिहिलंय?

"पुस्तक लिहिणारे कुठले? जिथं उन्हाळाच आपल्या डिसेंबरसारखा, तिथले. त्यांनी सोलापूरचा एप्रिल बघितलाय का?"

वनस्पती तुपाच्या कारखान्यात तापवून, दाब देऊन, निकेल घालून तेलात हायड्रोजन कोंबतात, तेव्हा ते घट्ट होतं. आणि हा एवढासा दाणा नेमकं उलटं करतो. धूर नाही, आवाज नाही, फुलावरच्या मुंग्यासुद्धा जागच्या हलत नाहीत. नेमक्या जागेवरचे नेमके दोन. खरं सांगायचं तर क्षणभर मी सगळं विसरून ते पिठातलं चित्रच बघत बसले. किती सुंदर आहे हे! आणि मी महिनाभर सदरे हुंगत होते.

आकडा खरा. तेल खरं. कुणीही काहीही मिसळलेलं नाही.

घरी येताना टिळक चौकात थांबले. मग बसलिंगने कबूल काय केलं?

गुरुवार, ६ जून

मालकांना सांगितलं. दोन्ही तेलं पुढ्यात ठेवली. निम्मं कळलं असेल. पण हरिबाच्या फुलातून मी स्वतः तेल काढलं हे पटलं त्यांना. मुंबईला नीट लिहून कळवू, उन्हाळी तेल वेगळं विकू, म्हणाले. मग टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "बसलिंगप्पाला परत बोलवा. पण मला सांगा बाई, ते येडं मी केलं म्हणून कशाला आलं हितं?"

बसलिंगलाच विचारायला हवं.

घरी आप्पांना सांगितलं. कुणीच मिसळलं नव्हतं, आप्पा. झाडानेच तेल तसं केलं होतं. आप्पा चुलीपाशी बसले होते.  उठून मोरीत गेले आणि खूप वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. डोळे लाल करून आले. भाच्यासाठी असेल.

पण त्यांना आश्चर्य वाटलं नाही. एवढी मोठी गोष्ट ऐकून माणूस "अरे!" म्हणत नाही? याचा अर्थ मिसळ झालेली नाही हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मग भाचा खोटं कबूल करत होता तेव्हा ते गप्प का राहिले?

रविवार, ९ जून

टेंभुर्णीला गेले. अव्वा बरोबर आली, एकटी कशी जाऊ देईल. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, ट्रकची टायरं, रस्त्यावरची धूळ. बसलिंग काळवंडलाय. हात धुऊन, गमछ्याने पुसून आला. अव्वाला खुर्ची दिली, माझ्यासाठी एक टायर आडवं करून झटकलं.

मी सगळं सांगितलं. एन्झाइम, थंडी, ऊन, दोन हायड्रोजन. त्याने नीट ऐकलं. "म्हंजी तुझा आकडा बरोबरच व्हता?" असं विचारलं. होता, मी म्हटलं. तो हसला, फार दिवसांनी हसल्यासारखा. "बरं झालं की मग."

मग मी विचारलं. जे केलंच नव्हतंस ते कबूल का केलंस?

"जाऊ दे की आता."

नाही जाऊ देणार. सांग.

"हेमा, तुला समदं मोजाया लागतंय," तो म्हणाला, आणि उठून एका ट्रकवाल्याकडे गेला. परत आला तो चहा घेऊन. गिरणीत येतोस का म्हटलं तर, बघू. लग्नाचं अव्वाने काढलं तर, आत्याला विचारा. माझ्याकडे बघितलं नाही.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. खोटं कबूल करणारा माणूस दुसरं काहीतरी लपवत असतो. काय? कुणासाठी? आप्पांना ठाऊक आहे. दोघांत काहीतरी शिजलं होतं.

उद्या आप्पांना सरळ विचारणार.

सोमवार, १० जून

विचारलं. आप्पा आज बोलले.

"आमाला दोघांनाबी ठाऊक व्हतं, टाकीत कुणी कायबी घातलं न्हाई. किल्ल्या आमच्याकडंच की. आमाला वाटलं, तुझं मोजण्यात चुकलंय, शनिवारी तुला काढतील. म्हणून मी निघालो मालकाकडं, मीच मिसळलं म्हनून सांगाया. माझं वय झालं, चोर म्हनलं तर काय हुतंय. तर बसलिंग आडवा आला. म्हनला, मामा, तुमी न्हाई. तुमी कबूल केलं तर बाप चोर हाय असं हेमाला खरंच वाटंल."